निवड आणि निवाडा

मराठीत 'निवड' आणि 'निवाडा' हे दोन शब्द कानाला एकाच घरातले वाटतात. त्यांचे काम मात्र अगदी निराळे आहे. बाजारात गेलेली गृहिणी पाहुण्यांसाठी पापलेट घेते आणि बोंबील तसेच ठेवून पुढे जाते. ही निवड झाली. तीत बोंबलाची निंदा नसते, त्या दिवशीच्या स्वयंपाकाची गरज तेवढी असते. निवाडा ही याहून फार गंभीर गोष्ट आहे. माणूस खरा की खोटा, दोषी की निर्दोष, हे ठरवण्याचा अधिकार ज्याला दिलेला आहे त्याने पुरावा पाहून, दोन्ही बाजू ऐकून आणि कारणे सांगून निवाडा द्यायचा असतो. निवड उद्या बदलू शकते. निवाडा माणसाच्या नावाला चिकटून राहतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या घराघरांतून या दोन शब्दांची सरमिसळ झाली आहे. ती सर्वांत ठळक दिसते ती मोठ्या कंपनीतील सॉफ्टवेअर अभियंत्याच्या नोकरीसाठी होणाऱ्या मुलाखतीच्या वेळी. मुलगा किंवा मुलगी निवडली गेली की आईवडिलांच्या सगळ्या कष्टांवर शिक्कामोर्तब झाल्यासारखे वाटते. नाकारली गेली की घरावर अवकळा पसरते. रविवारी मिस्सा संपल्यावर "झालं का काही?" या प्रश्नाला तोंड द्यावे लागू नये म्हणून चर्चच्या आवारातून घाईघाईने निघून जाणारे तरुण आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेव्हा विचार करण्याजोगा प्रश्न असा, की एखाद्या कंपनीने केलेल्या निवडीला माणसाचा निवाडा मानणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे काय? आणि योग्य नसेल, तर मुलाखत देणारा, मुलाखत घेणारा आणि घरी वाट पाहणारी माणसे यांची कर्तव्ये कोणती?

ज्यांनी ही परीक्षा जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिचे स्वरूप थोडक्यात सांगतो. मोठ्या कंपन्यांकडे अर्जांचा एवढा ढीग येतो, की पहिली चाळणी पुष्कळदा यंत्रच लावते. त्यातून सुटलेल्यांना घरबसल्या, घड्याळ लावून एक परीक्षा द्यावी लागते. तीत उत्तीर्ण झाल्यास चार-पाच मुलाखती, प्रत्येकी पाऊण ते एक तासाची. मुलाखतीत कोडी घातली जातात. साखळीसारख्या एकमेकींना जोडलेल्या नोंदींचा क्रम उलटा करून दाखवा. वंशावळीसारख्या फांद्या फुटत गेलेल्या माहितीतून दोघांचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज शोधा. लाखो लोक एकाच क्षणी रेल्वेची तिकिटे काढू लागले तरी कोसळणार नाही अशी व्यवस्था आखा. उमेदवाराने अनोळखी माणसासमोर मोठ्याने विचार करीत, तिथल्या तिथे, उत्तर लिहायचे. एखाद्या फेरीत स्वभावाची पारख होते: सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलेत, चूक झाली तेव्हा कोणाला सांगितलीत, असे विचारले जाते. शेवटी सर्वांचे लेखी अभिप्राय एकत्र ठेवून निर्णय होतो. काही कंपन्यांत निर्णय घेणाऱ्या समितीने उमेदवाराचा चेहराही पाहिलेला नसतो. नकार येतो तो दोन ओळींचा. त्यात कारण बहुधा नसते, आणि कित्येकदा तो नकारही येत नाही.

ही पद्धत नवी असली तरी दारात उभे राहून निवडले जाण्याचा अनुभव माझगावकरांना नवा नाही. आपली वस्तीच गोदीच्या काठावर वाढली. माझगावात लहानशी सुकी गोदी अठराव्या शतकात बांधली गेली. माझगाव डॉक ही कंपनी १९३४ मध्ये स्थापन झाली आणि १९६० मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. बंदरातील हमालीची कामे पूर्वी टोळीवाल्यांच्या हाती असत. टोळीवाला सकाळी जमलेल्या गर्दीवरून नजर फिरवी आणि आपल्या मर्जीतली माणसे उचली. उरलेल्यांनी घरी जायचे. भायखळा, लालबाग, परळच्या गिरण्यांच्या दारांतही हेच चित्र होते. बदली कामगार पहाटे येऊन उभे राहत आणि त्या दिवशी काम मिळणार की नाही हे जॉबरच्या मनावर असे. जॉबरला 'दस्तुरी' द्यावी लागे, ही उघड गुपिताची गोष्ट होती. त्या फाटकावर नाकारला गेलेला मनुष्य उपाशी राही. परंतु टोळीवाल्याने आपल्याकडे पाहिले नाही म्हणून आपण माणूस म्हणून कमी ठरलो, असे त्याला वाटत नसे. टोळीवाला कोण आणि त्याची नजर कशावर असते, हे त्याला पुरते ठाऊक होते.

आपल्यातील दुसरा मोठा वर्ग जहाजावर जाणाऱ्यांचा. गोव्याहून आलेले खलाशी आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांत राहत, जहाज मिळण्याची वाट पाहत, आणि संध्याकाळी एकत्र तेर्स म्हणत. खलाशाजवळ एक पुस्तिका असे. प्रत्येक सफर संपल्यावर कप्तान तीत दोन गोष्टींविषयी शेरा लिही: एक कामातील क्षमता आणि दुसरी वर्तणूक. या जुन्या पुस्तिकेत दोन शहाणपणाच्या गोष्टी होत्या असे मला वाटते. एक, शेरा काम झाल्यानंतर दिला जाई. महिनोन्‌महिने एकाच जहाजावर काढल्यावर कप्तानाला त्या माणसाविषयी बोलण्याचा काही अधिकार प्राप्त झालेला असे. दोन, हात किती चालतात एवढ्यावर न थांबता माणूस इतरांशी कसा वागला याचीही नोंद होई. आजची मुलाखत पाच तासांत, काम सुरू होण्यापूर्वी, आणि मुख्यतः पहिल्या रकान्यापुरते बोलते. तिच्या मर्यादा तिथेच ठरून जातात.

या मर्यादा कंपन्यांनाही ठाऊक आहेत. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले, की मुलाखतीत घातल्या जाणाऱ्या चमत्कारिक कोड्यांचा काही उपयोग नव्हता. त्यांतून विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान मिळते, एवढेच. या व्यवसायात असेही मोकळेपणाने मानले जाते, की अयोग्य माणूस आत घेण्यापेक्षा दहा योग्य माणसे परत गेलेली परवडली. व्यापाराच्या हिशेबाने हे धोरण समजण्यासारखे आहे. पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. जे परत पाठवले गेले त्यांत अनेक जण त्या कामाला योग्य होते, हे ती व्यवस्था स्वतःच गृहीत धरते. मग नाकारलेल्या मुलाने 'मी अयोग्य' असा निष्कर्ष काढावा, याला आधार कोणता?

या ठिकाणी ब्रायन ॲक्टन यांचे उदाहरण हमखास सांगितले जाते. २००९ मध्ये ट्विटरने आणि फेसबुकने त्यांना नोकरी नाकारली. त्याच वर्षी ते व्हॉट्सॲप उभारणाऱ्या दोघांपैकी एक झाले, आणि २०१४ मध्ये ज्या फेसबुकने नाकारले होते त्यानेच व्हॉट्सॲप सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेतले. कथा खरी आहे आणि निराश झालेल्या मुलाला धीर देणारीही आहे. पण तीत एक धोका आहे. ती आपण सांगतो, कारण पुढे तो मनुष्य अब्जाधीश झाला. म्हणजे फूटपट्टी आपण तीच ठेवली, फक्त मोजणाऱ्याचा हिशेब चुकला एवढेच म्हटले. त्या वर्षी नाकारली गेलेली आणि पुढे एखाद्या लहान कार्यालयात प्रामाणिकपणे काम करीत राहिलेली हजारो माणसे या कथेत कुठे बसतात? ॲक्टन यांची किंमत २०१४ मध्ये वाढली नाही. २००९ मध्येही ती कमी झाली नव्हती.

एवढे मान्य केले म्हणजे मुलाखत देणाऱ्याचे पहिले कर्तव्य आपोआप स्पष्ट होते. ते सत्याचे. आज अनुभवाची वर्षे वाढवून सांगणे, दूरध्वनीवरील मुलाखतीला आपल्या जागी दुसऱ्यालाच बसवणे, आणि अलीकडे पडद्याच्या कोपऱ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने पुरवलेली उत्तरे वाचून दाखवणे हे प्रकार एवढे बोकाळले आहेत, की २०२५ मध्ये काही मोठ्या कंपन्या निदान एक फेरी समोरासमोर घेण्याकडे पुन्हा वळल्या. खोटे का बोलले जाते? लोभ हे एक कारण झाले, परंतु भय हे त्याहून मोठे कारण आहे. ज्याला वाटते की आज आपल्या साऱ्या आयुष्याचा निवाडा होणार आहे, त्याला खोटे म्हणजे जीव वाचवण्याचा उपाय वाटू लागतो. ही केवळ एका जागेची निवड आहे असे ज्याने जाणले त्याला "हे मला माहीत नाही, पण मी ते असे शोधून काढीन" म्हणणे जड जात नाही. शिवाय खोट्याने मिळवलेली जागा ही कोणा दुसऱ्याची जागा असते. तो दुसरा आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याचे नुकसान झालेच नाही असे होत नाही.

सत्याचाच दुसरा भाग शिफारशीचा. मोठ्या कंपन्यांत नोकरीस असलेल्या माणसाला आपल्या ओळखीच्या उमेदवाराचे नाव सुचवता येते, आणि तो निवडला गेल्यास सुचवणाऱ्याला पुष्कळदा बक्षीसही मिळते. आपल्या समाजाला हे अपरिचित नाही. एके काळी धर्मगुरूंच्या हातचे चारित्र्याचे पत्र घेऊन तरुण रेल्वेत, बंदरात, कचेऱ्यांत जात. मुंबई, साष्टी, वसईच्या मूळ ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यामागेही बाहेरून आलेल्यांपासून वेगळे ओळखले जावे आणि नोकऱ्यांत आपला विचार व्हावा ही चिंता होती. तेव्हा ओळखीचे महत्त्व आपण नाकारू शकत नाही. पण साक्ष आणि वशिला यांतला फरक सांभाळला पाहिजे. 'हा मुलगा तीन वर्षे तरुणांच्या संघाचे हिशेब पाहत होता, एक पैसाही इकडचा तिकडे झाला नाही' ही साक्ष आहे. 'आपल्यातलाच आहे, जरा सांभाळून घ्या' हा वशिला आहे. साक्षीने मोजणाऱ्याला अधिक माहिती मिळते. वशिल्याने तराजूच वाकतो. आठव्या आज्ञेने खोटी साक्ष वर्ज्य केली आहे, आणि मायेपोटी दिलेली खोटी साक्षही खोटीच असते. ज्याला मी ओळखत नाही त्याच्याविषयी 'ओळखत नाही' असे सांगणे, हेदेखील शेजारधर्माला सोडून नाही.

आता मेजाच्या पलीकडे पाहू. आपल्यातीलच अनेक तरुण ऐरोलीत, पवईत, अंधेरीच्या सीप्झमध्ये, किंवा पुण्यात आणि परदेशात आज मुलाखती घेण्याच्या जागी बसले आहेत. आपल्या हातात काही क्षणांची सत्ता आहे, हे त्यांनी विसरू नये. समोरचा घाबरला असेल तर दोन शब्द बोलून त्याला सावरू देणे, तो अडला असता वाट दाखवणारा धागा देणे, दुसरीकडे टपाल वाचत न बसता त्याचे म्हणणे ऐकणे, अभिप्राय त्याच दिवशी खरा लिहिणे, आणि कंपनीची मुभा असेल तेवढे कारण कळवणे, हे साधे वाटणारे आचार म्हणजेच तिथला न्याय. हे काम यंत्रावर सोपवून जबाबदारी टळत नाही. ॲमेझॉनने अर्ज चाळण्यासाठी एक संगणक प्रणाली तयार केली होती. मागील दहा वर्षांचे अर्ज पाहून ती शिकली. त्यांत पुरुषच अधिक असल्याने, ज्या अर्जात 'महिलांचा' असा शब्द येई, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची प्रमुख, त्या अर्जाला ती कमी गुण देऊ लागली. दोष कळल्यावर कंपनीने तो प्रकल्प सोडून दिला, आणि ही हकीकत २०१८ मध्ये बाहेर आली. जुन्या जॉबरचा पक्षपात तोंडावर दिसे आणि त्याच्याविरुद्ध ओरडता येई. यंत्राचा पक्षपात आपणच त्याला शिकवलेला असतो आणि तो मुकाट्याने चालतो.

निवडला गेलेला तरी या पेचातून सुटतो काय? कंपनीच्या आत मोजणे चालूच राहते. वर्षाअखेर श्रेणी मिळते. मायक्रोसॉफ्टमध्ये तर सहकाऱ्यांना एकमेकांच्या तुलनेत क्रमाने बसवून काहींना खालच्या पायरीवर ठेवावेच लागे. ती पद्धत २०१३ मध्ये बंद करण्यात आली. रात्री-अपरात्री यंत्रणा बिघडली तर उठून बसावे लागते, आणि रविवारची मिस्साही कधी खिशातल्या फोनकडे लक्ष ठेवून ऐकावी लागते. काम चांगलेही असते. आपण लिहिलेल्या चार ओळींमुळे कुठल्या तरी खेड्यातील विधवेचे निवृत्तिवेतन वेळेवर जमा होते, यात खरे समाधान आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० माणसे कमी केली, तेव्हा अनेक वर्षे काम केलेल्या काहींना ते कळले सकाळी आलेल्या एका पत्राने आणि बंद झालेल्या प्रवेशाने. १९६८ मध्ये याच मुंबईत सुरू झालेल्या, आणि नोकरीच्या शाश्वतीसाठी नावाजलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२,०००हून अधिक, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या पायरीवरचे लोक अधिक होते. ज्याने गळ्यातल्या ओळखपत्रालाच आपले नाव मानले होते, त्याची नोकरी जाते तेव्हा नावही जाते. निवडीला निवाडा मानण्याची किंमत अशी दोन्हीकडे मोजावी लागते. नाकारलेला खचतो आणि निवडलेला गहाण पडतो.

यावर कोणी म्हणेल, हे बोलणे सोपे आहे. घरभाडे आहे, शिक्षणासाठी काढलेले कर्ज आहे, वडील निवृत्त झाले आहेत. अशा घराला निवड आणि निवाडा यांतला सूक्ष्म भेद सांगून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. माणसाची किंमत नोकरीवर ठरत नाही, हे खरे असले तरी पोट नोकरीवर चालते हेही तितकेच खरे आहे. म्हणून हा भेद न्यायाच्या जागी दिलेले सांत्वन ठरता कामा नये. उलट, माणसाची किंमत आधीच ठरलेली आहे असे मानणाऱ्यांनीच फाटकावरच्या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला. माथारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मलेले जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा पुण्यात अभियांत्रिकी शिकले, केंब्रिजला जाऊन आले आणि बॅरिस्टर झाले. निवडला गेलेला मनुष्य म्हणून त्यांना स्वस्थ बसता आले असते. ते गिरणी आणि टपाल कामगारांच्या बाजूने उभे राहिले, १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांत होते, आणि १९२५ मध्ये या शहराचे महापौर झाले. गोदीतील टोळीवाल्याची मर्जी हा नियम मानायचा नाही, असे पुढे कायद्यानेही ठरवले. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांची नोंदणी, कामाची पाळी आणि काम नसलेल्या दिवशीही काही किमान मोबदला यांचा मार्ग मोकळा झाला.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेची आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' या पत्रातून कामगाराचे श्रम हा केवळ बाजारातला माल नव्हे, हे मांडले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' मध्ये सांगितले, की कामाचे मोल प्रथम ते करणाऱ्या माणसामुळे ठरते. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप चौदाव्या लिओंनी आपण हे नाव का घेतले ते सांगताना कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कामाच्या प्रतिष्ठेपुढे उभ्या राहिलेल्या नव्या आव्हानाचा उल्लेख केला. गोदीपासून संगणकापर्यंत प्रश्न एकच चालत आला आहे.

मत्तयलिखित शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. तो ऐकताना आपले लक्ष बहुधा मजुरीच्या तक्रारीकडे जाते. मला त्यातील संध्याकाळपर्यंत चौकात उभे राहिलेले मजूर आठवतात. ते आळशी नव्हते. त्यांना कोणी बोलावले नव्हते, एवढीच त्यांची हकीकत होती. मळ्याचा मालक त्यांना पाहून पुढे निघून गेला नाही. तो थांबला, त्यांना विचारले, त्यांचे उत्तर ऐकून घेतले, आणि एका दिवसाला घर चालवायला जेवढे लागते तेवढे त्यांच्या हातावर ठेवले.

आपले धर्मग्राम हे असे थांबण्याचे ठिकाण होऊ शकेल काय? त्यासाठी फार मोठी योजना नको. ज्यांना नोकऱ्या मिळाल्या आहेत त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ चर्चच्या सभागृहात बसून धाकट्यांचा सराव करून घ्यावा. ज्याची नोकरी सुटली आहे त्याला वाचनाची सेवा, गायनवृंद, हिशेब यांतून हळूच वगळू नये, आणि त्यानेही स्वतःला वगळू नये. आईवडिलांनी शेजारच्या मुलाच्या पगाराचा आकडा जेवणाच्या ताटावर आणू नये. आणि मिस्सानंतर एखादा तरुण भेटला, तर "झालं का काही?" असे विचारण्याआधी "कसा आहेस बाळा?" असे विचारावे. त्याच्या उत्तरासाठी घटकाभर थांबावे. कंपन्या निवड करीत राहतील आणि ती त्यांनी करावी. निवाडा ज्याच्या हाती आहे त्याच्याच हाती तो राहू द्यावा.